शब्दवेध : निर्वात

वारा पडलेला समुद्र अर्नाळ्याच्या आणि वसईतल्या पाचूबंदरच्या कोळ्यांना नवा नाही. संस्कृतातला ‘निर्वात’ मुळात हीच स्थिती सांगतो. ‘वा’ म्हणजे वाहणे. त्या धातूपासून ‘वात’, आणि ‘निर्’ लागून ‘निर्वात’, म्हणजे वारा नसलेली जागा. शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तोच शब्द ‘व्हॅक्यूम’साठी रुळला.

क्वांटम भौतिकीने त्याला आणखी एक पदर जोडला. हवा, उष्णता, प्रकाश सगळे काढून घेतले, तरी क्वांटम क्षेत्राची चुळबुळ थांबत नाही. शिवाय दूरच्या दोन ठिकाणची चुळबुळ एकमेकींशी जुळलेली असते. २००३ मध्ये बेनी रेझनिक यांनी गणिताने दाखवले, की एकमेकांना संदेशही धाडू न शकणारे दोन शोधक (डिटेक्टर) क्षणभर या क्षेत्राला जोडले, तर ते परस्परांशी गुंतू शकतात. हे गुंतलेपण (एन्टँगलमेंट) म्हणजे क्वांटम संगणनाचे भांडवल. अर्थात ते फुकट मिळत नाही. जोडणी-तोडणीला ऊर्जा लागते.

शोधक मर्यादित काळच चालू ठेवला तर तो काय टिपेल? पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेत एल. श्रीरामकुमार आणि थाणू पद्मनाभन यांनी १९९६ च्या शोधनिबंधात हाच प्रश्न सोडवला.

निर्वातातली ही चुळबुळ प्रत्यक्ष दाखवणारा प्रयोगही २०११ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात झाला. अतिवाहक मंडलाची विद्युत लांबी अतिवेगाने बदलताच निर्वातातून सूक्ष्मलहरींचे फोटॉन जोडीजोडीने बाहेर आले.

म्हणून विज्ञान लिहिणाऱ्यांनी इथे ‘पोकळी’ टाळून ‘निर्वात’ वापरावा. तो फक्त वारा नाही म्हणतो. काहीच नाही, असे म्हणत नाही.