खुराकातलं क्रिएटिन

मुळशीच्या कोळवण खोऱ्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच मुळशी तालुक्यातले. इथं डावपेचांच्या गोष्टी खूप रंगतात. पैलवानाच्या खुराकाचा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही.

तालमीत पहाटे हौदा उकरला जाई. हळद, तेल, ताक, लिंबाचा रस घालून मुरवलेली तांबडी माती, तिच्यात घाम जिरेपर्यंत लढती. मग जोर-बैठका आणि शेवटी बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई. जोडीला दूध, तूप, मटण. हा खर्च एकट्या शेतकरी घराला झेपणारा नव्हताच. म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवानांचा खुराक दरबाराच्या खर्चात धरला, ही त्यांची फार मोठी कामगिरी.

स्नायूंना ताकद पुरवणारा एक घटक म्हणजे क्रिएटिन. या खुराकात ते येई मटणातून. बदामात ते नसतं, दुधात अगदी नाममात्र असतं. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३२ मध्ये ते मांसाच्या अर्कातून वेगळं केलं. १८४७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांना शिकारीत धावून मेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात ते पाळीव कोल्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं.

पुढचं पाऊल भारतीय माणसाचं आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्क यांच्यासोबत स्नायूंमधलं क्रिएटिनचं रूप, फॉस्फोक्रिएटिन, शोधलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही ते सापडलं. ढाक मारताना किंवा पट काढताना जी क्षणात उसळणारी ताकद लागते, ती पहिले काही सेकंद यातूनच मिळते. सुब्बारावांचं नाव प्रत्येक तालमीत ठाऊक असायला हवं.

डब्यातल्या क्रिएटिन पावडरीचा काळ अलीकडचा. रोज २० ग्रॅम काही दिवस घेतल्यावर स्नायूंतला साठा वाढतो, हे संशोधक हॅरिस आणि हुल्टमन यांनी १९९२ मध्ये दाखवलं. आता बहुतेकांना रोज ३ ते ५ ग्रॅम पुरेसे मानतात. तेवढं मांसातून मिळवायचं तर जवळपास किलोभर खावं लागेल. शाकाहारी पैलवानाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असल्याने त्याला फरक अधिक जाणवतो. स्पर्धेत त्यावर बंदी नाही.

मात्र शरीरात क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत तेच मोजतात. डबा सुरू असलेल्या पोरांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.