युद्धमीमांसेतील द्वंद्ववाद आणि स्वातंत्र्य

युद्धमीमांसेतील द्वंद्ववाद आणि स्वातंत्र्य : युद्ध हा दोन इच्छाशक्तींचा झगडा असून त्यातील प्रत्येक पक्षाचे वर्तन प्रतिपक्षामुळे घडत जाते, असे मानणारी विचारपरंपरा. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन तत्त्वज्ञान आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची युद्धे यांच्या संयोगातून ती आकारास आली. पुढे मार्क्सवादी विचारवंत, चिनी क्रांतिकारक आणि फ्रेंच रणनीतिज्ञ यांनी तिचा विस्तार केला. या परंपरेत ‘स्वातंत्र्य’ ही संकल्पना दोन अर्थांनी येते. एक अर्थ राजकीय आहे : व्यक्ती, राष्ट्र किंवा वर्ग यांची पारतंत्र्यातून मुक्तता. दुसरा लष्करी आहे : आपल्या इच्छेप्रमाणे हालचाल करण्याची सेनापतीची मुभा, म्हणजे कृतिस्वातंत्र्य. दोन्ही अर्थांनी स्वातंत्र्य म्हणजे केवळ अडथळ्यांचा अभाव नव्हे. विरोधाला सामोरे जातच ते मिळते आणि त्यामुळे प्रतिपक्षाच्या स्वातंत्र्याची मर्यादा त्याला कायम राहते, हे या परंपरेचे मुख्य प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकातील अनेक लेखकांनी युद्धाला भूमितीच्या नियमांत बसवण्याचा प्रयत्न केला. हाइनरिख फोन ब्यूलो या प्रशियन लेखकाने १७९९ मध्ये रसदतळ आणि लक्ष्य यांना जोडणाऱ्या रेषांच्या कोनावर मोहिमेचे यश अवलंबून असल्याचे मांडले. या हिशेबात शत्रूच्या बुद्धीला जागा नव्हती. दुसऱ्या बाजूला इमान्युएल कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात स्वातंत्र्याची सांगड शांततेशी घातली. युद्धाचा खर्च आणि यातना ज्यांना सोसाव्या लागतात, त्या नागरिकांच्या संमतीवर राज्य चालत असेल, तर युद्धे सहजी सुरू होणार नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता.

प्रत्यक्ष घटनांचा प्रवाह उलट दिशेने गेला. २३ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रेंच प्रजासत्ताकाने सर्व नागरिकांना युद्धकार्यासाठी पाचारण केले. राजाच्या पगारी फौजांच्या जागी राष्ट्र रणांगणावर उतरले आणि नागरिक स्वतंत्र झाल्याने युद्ध सौम्य होण्याऐवजी अधिक उग्र झाले. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट येथे प्रशियाच्या सैन्याचा नेपोलियनच्या फौजांनी धुव्वा उडवला. त्या वेळी हेगेल येना येथेच अध्यापन करत होता, तर कार्ल फोन क्लाउझेविट्स प्रशियन सैन्यात लढत होता आणि त्या पराभवानंतर फ्रेंचांच्या कैदेत गेला.

हेगेल (१७७०–१८३१) : १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चैतन्याच्या आविष्कारशास्त्रावरील ग्रंथात हेगेलने स्वामी आणि दास यांचे प्रसिद्ध विवेचन केले. दोन आत्मभाने समोरासमोर आली की प्रत्येकाला दुसऱ्याकडून मान्यता हवी असते. ती मिळवण्यासाठी दोघे प्राण पणाला लावतात. जो मृत्यूला भितो तो दास होतो; जो भीत नाही तो स्वामी. मात्र स्वामीचा विजय पोकळ ठरतो, कारण ज्याला तो आपल्या बरोबरीचा मानत नाही अशाची मान्यता त्याच्या उपयोगाची नसते. याउलट मृत्यूचे भय अनुभवलेला दास श्रमातून वस्तूंना आकार देतो आणि त्या घडणीत त्याला स्वतःची ओळख पटते. म्हणजे झुंज ही स्वातंत्र्याची सुरुवात असली, तरी ती एकटी स्वातंत्र्य सिद्ध करत नाही. प्रतिपक्षाला ठार मारणे हे तर सर्वात मोठे अपयश, कारण मृताकडून मान्यता मिळत नाही.

१८२१ हे वर्ष मुखपृष्ठावर असलेल्या विधितत्त्वज्ञानाच्या ग्रंथात हा विचार राज्यांना लागू केला आहे. युद्धात जीवित आणि मालमत्ता यांची क्षणभंगुरता उघड होते आणि खासगी हितसंबंधांत रमलेल्या नागरिकाला समष्टीचे भान येते, म्हणून हेगेल युद्धाला नैतिक आशय आहे असे मानतो. राज्यांवर कोणताही सर्वश्रेष्ठ न्यायाधीश नसल्याने कांटची शाश्वत शांतता तो फेटाळतो. तरीही युद्ध हे संपण्यासाठीच असते, असे तो बजावतो. लढणारी राज्ये एकमेकांना राज्य म्हणून मान्यता देत राहतात. त्यामुळे दूतांचा मान राखला जातो आणि कुटुंबे व खासगी व्यक्ती हे युद्धाचे लक्ष्य नसतात.

क्लाउझेविट्स (१७८०–१८३१) : प्रशियन सेनाधिकारी. बर्लिनच्या सैनिकी शाळेत त्याने योहान कीझेवेटर या कांटच्या भाष्यकाराची व्याख्याने ऐकली होती. त्याचा ‘फॉम क्रीग’ (युद्धाविषयी) हा आठ भागांचा ग्रंथ त्याच्या पत्नीने, मारी फोन क्लाउझेविट्स हिने, १८३२ ते १८३४ दरम्यान प्रसिद्ध केला. त्यातील पहिल्या भागाचे पहिले प्रकरणच लेखकाच्या मते पूर्ण झाले होते.

हे प्रकरण विरोधातून पुढे सरकते. दोन मल्लांच्या झुंजीचे उदाहरण घेऊन युद्ध म्हणजे शत्रूला आपली इच्छा मान्य करायला लावणारी बळाची कृती, अशी व्याख्या तो करतो. एकाने बळ वाढवले की दुसऱ्यालाही वाढवावे लागते. म्हणून संकल्पनेच्या पातळीवर युद्ध टोकालाच जायला हवे. हे ‘निरपेक्ष युद्ध’. वास्तवात मात्र युद्धे अडखळतात, थांबतात, अर्ध्यावर मिटतात. अपुरी माहिती, घर्षण म्हणजे असंख्य लहानसहान अडचणींचा साचत जाणारा भार, आक्रमणापेक्षा बचावाला असलेले अंगभूत बळ आणि मुख्य म्हणजे राजकीय हेतू ही त्याची कारणे. निरपेक्ष आणि वास्तव यांतील ताण एका त्रयीत विसावतो : द्वेष व हिंसेची आदिम प्रेरणा, योगायोग व संभाव्यतेचा खेळ आणि राजकीय बुद्धीचे नियंत्रण. त्यांचा संबंध प्रामुख्याने अनुक्रमे जनता, सेनापती व सैन्य आणि शासन यांच्याशी आहे.

स्वातंत्र्याची जागा या त्रयीच्या मध्यावर आहे. योगायोगाच्या क्षेत्रातच मनाचा मुक्त व्यापार शक्य होतो, असे क्लाउझेविट्स सांगतो. सर्व काही मोजता आले असते, तर सेनापतीची गरजच उरली नसती. ज्या अनिश्चिततेमुळे योजना कोसळतात, तीच निर्णयाला वाव देते. बचाव आणि आक्रमण यांचा संबंधही असाच परस्परावलंबी आहे. बचावाचा हेतू नकारात्मक, पण बळ अधिक. आक्रमणाचा हेतू सकारात्मक, पण बळ कमी. आक्रमक जसजसा पुढे जातो तसतसा थकतो आणि एका बिंदूपलीकडे त्याच्या यशातूनच त्याचा पराभव उद्भवतो. १८१२ मधील नेपोलियनची रशियावरील मोहीम क्लाउझेविट्सने रशियन सेवेत राहून जवळून पाहिली होती.

राजकीय स्वातंत्र्याचा प्रश्न प्रशियाच्या सुधारणांत थेट उभा राहिला. ९ ऑक्टोबर १८०७ च्या आदेशाने भूदासपद्धती रद्द करून ती १८१० पर्यंत संपुष्टात आणण्याचे ठरले; ३ सप्टेंबर १८१४ च्या कायद्याने सर्वांवर लष्करी सेवेचे बंधन आले. मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला राष्ट्राचा सैनिक करण्यात आले. त्याबदल्यात अपेक्षित असलेले संविधान मात्र मिळाले नाही. मे १८१५ मध्ये राजाने दिलेले आश्वासन पाळले गेले नाही. लोकांना शस्त्र देणारे राज्य त्यांना मत देण्यास कचरले. क्लाउझेविट्सने ‘फॉम क्रीग’च्या सहाव्या भागात सशस्त्र जनतेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि जनसेनेमुळे क्रांती होईल ही सत्ताधाऱ्यांची भीती त्याला ठाऊक होती.

हेगेल आणि क्लाउझेविट्स १८१८ पासून अनेक वर्षे एकाच वेळी बर्लिनमध्ये होते आणि दोघांचा मृत्यू नोव्हेंबर १८३१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने झाला. तथापि हेगेलचा क्लाउझेविट्सवर थेट प्रभाव होता, हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. क्लाउझेविट्सच्या विवेचनात अंतिम समन्वय क्वचितच येतो. विरोधी बाजू तो ताणलेल्याच ठेवतो.

मार्क्सवादी परंपरा : फ्रीड्रिख एंगेल्सने १८५८ च्या आरंभी मार्क्सला लिहिलेल्या पत्रात क्लाउझेविट्स वाचत असल्याचे कळवले होते. ‘अँटी-ड्यूरिंग’ (१८७८) या ग्रंथात संख्यात्मक बदलाचे गुणात्मक बदलात रूपांतर कसे होते हे सांगताना त्याने नेपोलियनचे निरीक्षण दिले आहे. इजिप्तमधील दोन मामलूक स्वार तीन फ्रेंच स्वारांना भारी पडत. शंभरास शंभर असता बरोबरी होई. पण एक हजार फ्रेंच स्वार दीड हजार मामलुकांना हरवत. सुटा मामलूक अधिक निपुण होता, पण शिस्तीत बांधलेल्या तुकडीचे बळ तिच्यातील स्वारांच्या बेरजेहून वेगळे होते. याच ग्रंथात, हेगेलचा आधार घेऊन, स्वातंत्र्य म्हणजे अपरिहार्यतेची जाण आणि त्या जाणिवेवर आधारलेले नियंत्रण, अशी भूमिका एंगेल्सने मांडली. बळ स्वयंभू नसून शस्त्रे, उत्पादन आणि अर्थव्यवस्था यांवर अवलंबून असते, असेही तो दाखवतो.

लेनिनने पहिल्या महायुद्धाच्या काळात, स्वित्झर्लंडमधील वास्तव्यात, हेगेलचे तर्कशास्त्र आणि नंतर क्लाउझेविट्स यांचे टिपणे काढून वाचन केले. युद्ध हे राजकारणाचेच पुढे चाललेले रूप, हे सूत्र त्याने वर्गीय अर्थाने वापरले. प्रश्न पहिली गोळी कोणी झाडली हा नसून कोणत्या वर्गाचे राजकारण युद्धातून पुढे जाते हा आहे. यावरून पीडितांच्या मुक्तीची युद्धे न्याय्य आणि साम्राज्यवादी युद्धे अन्याय्य, हा भेद त्याने केला.

माओ त्से-तुंग : जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर व्यापक आक्रमण केल्यावर चीनमध्ये दोन मते होती : चीन बुडणार, किंवा चीन लवकर जिंकणार. येनान येथे मे-जून १९३८ मध्ये दिलेल्या दीर्घकालीन युद्धावरील व्याख्यानांत माओने दोन्ही नाकारली. जपान बलवान पण लहान आणि अंतर्विरोधांनी ग्रासलेला. चीन दुर्बल पण विशाल. काळ हा विरोध पालटवेल, असे सांगून त्याने युद्धाचे तीन टप्पे मांडले : बचाव, कोंडी आणि प्रतिआक्रमण. एकूण युद्ध लांबवायचे, प्रत्येक चकमक झटपट संपवायची. सर्वत्र दुर्बल असतानाही एका ठिकाणी बलवान व्हायचे, हे गनिमी युद्धाचे तंत्र त्यातूनच येते. पुढाकार म्हणजे सैन्याचे कृतिस्वातंत्र्य आणि ते गमावलेले सैन्य पराभवाच्या उंबरठ्यावर असते, असे त्याचे म्हणणे होते. वस्तुस्थितीने आखलेल्या रंगमंचाच्या मर्यादेतच सेनानी नाट्य घडवू शकतो. मात्र त्या मर्यादेत त्याच्या जाणीवपूर्वक प्रयत्नांना मोठा वाव असतो.

फ्रेंच रणनीतिशास्त्र : फेर्दिनां फॉश याने १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बळाची काटकसर आणि कृतिस्वातंत्र्य यांना युद्धतत्त्वांत स्थान दिले. जनरल आंद्रे बोफ्र (१९०२–७५) याने १९६३ मध्ये रणनीतीची व्याख्या, बळाचा वापर करून वाद सोडवणाऱ्या दोन विरोधी इच्छाशक्तींच्या द्वंद्वाची कला, अशी केली. कृतिस्वातंत्र्यासाठीची चढाओढ हे त्याच्या मते रणनीतीचे सार होय. १९५६ च्या सुएझ मोहिमेत तो फ्रेंच भूदलाचा प्रमुख होता. रणांगणावर यश मिळत असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या दबावाने ती मोहीम आवरती घ्यावी लागली. अण्वस्त्रांच्या युगात कृतीची मोकळीक बहुधा रणांगणाबाहेर, आंतरराष्ट्रीय राजकारणात ठरते, हा त्याचा निष्कर्ष याच्याशी सुसंगत आहे.

आक्षेप आणि पर्याय : फ्रांत्स फॅनन याने वसाहतींच्या संदर्भात हेगेलचे विवेचन अपुरे ठरवले. वसाहतीच्या स्वामीला दासाची मान्यता नको असते, श्रम हवे असतात. १९६१ च्या ग्रंथात त्याने हिंसेतून पारतंत्र्यातील माणसाला आत्मविश्वास परत मिळतो असे प्रतिपादन केले. हॅना आरेंटने १९७० मध्ये यावर टीका केली : हिंसा सत्ता नष्ट करू शकते, निर्माण करू शकत नाही, कारण सत्ता लोकांच्या एकत्रित कृतीतून उद्भवते. जोन बॉन्ड्युरँट या अमेरिकन अभ्यासिकेने १९५८ मध्ये गांधींच्या सत्याग्रहाकडे संघर्षाचे तत्त्वज्ञान म्हणून पाहिले. त्यात संघर्ष टाळला जात नाही, परंतु प्रतिपक्षाचा पराभव हे साध्य नसून दोन्ही पक्षांना सत्याच्या अधिक जवळ नेणारा तोडगा हे साध्य असते. मान्यता देणारा जिवंत राहिला पाहिजे, या हेगेलच्या अटीचे हे सर्वात काटेकोर पालन म्हणता येईल.

मूल्यमापन : शत्रूला निर्जीव लक्ष्य न मानता विचार करणारा प्रतिपक्ष मानणे, ही या परंपरेची मोठी देणगी आहे. तिचा धोकाही तिथेच आहे. विरोधातून उच्चतर अवस्था येणारच अशी खात्री बाळगली की आजच्या संहाराला उद्याच्या मुक्तीचे कारण देता येते, आणि विसाव्या शतकातील अनेक राजवटींनी ते दिले. क्लाउझेविट्सचे विवेचन या मोहापासून तुलनेने दूर राहते, कारण युद्धाच्या अंती स्वातंत्र्य येईल असे आश्वासन ते देत नाही. युद्ध कशासाठी आणि कुठे थांबवायचे हे राजकारणाला ठरवावे लागेल, एवढेच सांगते. ते ठरवण्याचा अधिकार लढणाऱ्या जनतेकडे किती आहे, यावर युद्धातील कृतिस्वातंत्र्याचे राजकीय स्वातंत्र्याशी असलेले नाते अवलंबून राहते. १८१५ नंतरच्या प्रशियाने तो अधिकार दिला नाही.