शिप्रेतले कासव, तळीतले कासव

उज्जैनला गेलो तो कासवांसाठी नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी 18व्या शतकात महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, हे वाचल्यापासून ते एकदा पाहावे असे मनात होते. आपल्या ओळखीचे आडनाव एवढ्या दूर भेटले की गोमंतकीयाला बरे वाटते.

दर्शन आटोपून रामघाटावर बसलो, तेव्हा उज्जयिनीची जुनी नाणी आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तांब्याची नाणी. त्यांवर अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे असतात, त्यालाच अभ्यासक ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात. काही नाण्यांवर नदीही कोरलेली आहे आणि तिच्यात मासे व कासव! नगराची ओळख सांगताना त्या लोकांना नदीतला जीव वगळावासा वाटला नाही. त्याच शिप्रेत आज पाणी टिकावे म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी आणून सोडावे लागते.

तिथे बसल्या बसल्या मला माझी एक चूक आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी मी एका दुकानातून रुपयाएवढे हिरवे कासव आणले होते. कानामागे लाल पट्टा. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानदाराने ते एवढेच राहील असे सांगितले. प्रत्यक्षात ते ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. त्याला पोहायला खोल, स्वच्छ पाणी लागते, अंग शेकायला कोरडी जागा आणि ऊन लागते. ऊन नसले तर पाठ मऊ पडते. आमच्या काचेच्या पेटीत यातले काही नव्हते. वास येऊ लागला तेव्हा मी ते गावच्या देवळाच्या तळीत सोडले. पुण्य केले असेच वाटले.

ते पुण्य नव्हते. हे परदेशी कासव आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या तळ्यांतले मऊ पाठीचे कासव, जे मागचे पाय कातडीच्या झडपांखाली लपवते, मेलेले मासे आणि गोगलगायी खाऊन पाणी राखते. ते घरी पाळणे मात्र 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग ‘लक्ष्मी येते’ म्हणून आणलेले का असेना.

म्हणून सांगतो, नवे कासव विकत आणू नका. देशी कासव घरात असेल तर वनखात्याकडे द्या. परदेशी आणले असेल तर शेवटपर्यंत नीट सांभाळा, हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण त्याच्या अंगावरच्या जंतूंनी पोट बिघडते. पण तळीत किंवा नदीत कधीही सोडू नका.

आमच्या देवळात देवासमोर दगडी कासव आहे. परवा त्याला हात लावून नमस्कार केला आणि मग तळीच्या पायऱ्यांवर बराच वेळ पाण्याकडे पाहत बसलो. लाल पट्टा काही दिसला नाही.