आवाज कुणाचा?

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं. म्हणून आधीच खुलासा करतो, हा लेख राजकारणावर नाही. गाडीच्या आवाजावर आहे.

आमचा एक भाचा किन्हवलीकडे राहतो. (त्याच्याबद्दल लिहिलंय म्हणून ताईचा फोन येणार, हे गृहीत धरलंय.) त्याच्याकडे जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे. परवा म्हणाला, "मामा, कंपनी फिटिंगचा एअर फिल्टर डब्यासकट काढून कोन फिल्टर बसवतोय. आवाज काय येतो, माहितीये?" मी विचारलं, "पिकअप वाढतं का?" तर म्हणे, "थोडंफार. पण आवाज...!" प्रामाणिक मुलगा आहे. फोनवर त्याला जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितोय. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

गाडीचा आवाज म्हटलं की आपण मागे, सायलेन्सरकडे बघतो. पण इंजिन दोन्ही बाजूंनी बोलतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की चार वेळा हवा आत ओढली जाते. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर सेकंदाला १०० घोट. प्रत्येक घोटाचा एक धक्का नळीतून उलटा बाहेर येतो आणि त्याचाच आवाज होतो. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये तेवढ्याच फेऱ्यांना ७५ घोट पडतात, म्हणून तिचा सूर निराळा.

हा आवाज फिल्टरचा डबा गिळतो. शिवाय अनेक गाड्यांत नळीच्या बाजूला एक आंधळा डबा जोडलेला असतो, त्याला रेझोनेटर म्हणतात. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठराविक सूर घुमतो ना, तेच शास्त्र. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात त्याचा अभ्यास केला. गाडीत ही घागर उलटं काम करते, म्हणजे नळीतला नेमका तेवढा सूर मारून टाकते. थोडक्यात, कोन फिल्टर नवा आवाज निर्माण करत नाही. कंपनीने झाकलेला आवाज उघडा करतो, एवढंच.

मग कंपनीने तो झाकला कशाला? इथे इतिहास सुरू होतो. फिल्टर आला तो आवाजासाठी नव्हेच, धुळीसाठी. आणि धुळीच्या बाबतीत शहापूर-मुरबाडइतके चांगले साक्षीदार मिळणार नाहीत.

महिंद्रांनी १९४७ मध्ये जीप जोडायला सुरुवात केली. मूळची ही लढाईतली गाडी. तिच्या बॉनेटखाली 'ऑइल बाथ' फिल्टर असे, म्हणजे तळाशी इंजिन ऑइल भरलेला पत्र्याचा डबा. आत आलेली हवा तेलावर आपटून झटक्यात वर वळते. जड धुळीला ते वळण जमत नाही, ती तेलात बुडते. उरलेली वरच्या तेलकट जाळीत अडकते. पुढे डिझेल जीप आल्या, नव्वदच्या दशकात कमांडर आली, तरी बरीच वर्षं हा डबा टिकून होता.

मुरबाडला रेल्वे नव्हती. शहापूरला आसनगाव स्टेशन होतं, पण तिथून पुढे पाड्यांपर्यंत जायचं कसं? एसटी आणि तिच्या मागून काळी-पिवळी जीप, एवढाच आधार. लाल मातीचे रस्ते, वीटभट्ट्यांची राख, खडी क्रशरची पांढरी भुकटी. आमच्याकडचे जुने जीपवाले उन्हाळ्यात तो डबा उघडून तळाचा चिखल बोटाने खरवडून काढायचे, रॉकेलने धुवायचे आणि खुणेपर्यंत नवं तेल ओतायचे. कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे. धूळ आत गेली की सिलिंडरला ओरखडे पडतात, इंजिन ऑइल प्यायला लागतं, निळा धूर काढतं आणि एक दिवस भर चढावर बसतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मागच्या सीटवर साप चावलेलं माणूस किंवा अडलेली बाई असेल तर तो चढ फार लांब होतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी आमच्या भागात ॲम्ब्युलन्स म्हणजे ज्याची जीप चालू असेल तो.

शहरात मात्र वेगळी गोष्ट घडत होती. रेसच्या गाड्यांना डबा नकोच असतो. मोकळी हवा मिळाली की ताकद मिळते, आणि शर्यतीनंतर इंजिन उघडायला मेकॅनिक तयारच असतात. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात के अँड एन कंपनी निघाली. तिचा फिल्टर तेलात भिजवलेल्या सुती जाळीचा. (म्हणजे फिरून तेलच की!) आपल्याकडे ही हौस खरी फोफावली ती २००० नंतर. होंडा सिटीची व्हीटेक आली. ज्या कुर्ल्याच्या कारखान्याने आपल्याला पद्मिनी दिली तिथूनच २००१ मध्ये फियाट पॅलिओ आली, आणि तिचं १.६ चं इंजिन तर १०० हॉर्सपॉवरचं. ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकानं पोरांनी गजबजली. तीच हवा कल्याणमार्गे आमच्या गावात पोचली.

पण बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन इंजिनाचीच गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणून ट्रॅफिकमध्ये पिकअप उलट कमी होतं. कानाला मात्र गाडी पळाल्यासारखी वाटते! थंड हवेसाठी काहीजण नळी लांबवून कोन खाली बंपरच्या आत नेतात. तिथे दुसरा शत्रू वाट बघत असतो, पाणी.

२६ जुलै २००५ आठवतोय ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास नदीने बदलापूर-कल्याण बुडवलं. त्या दिवशी कितीतरी इंजिनं बुडून नव्हे, पाणी पिऊन मेली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने चावी फिरवली त्यांचंही तेच झालं. वर विम्याची भांडणं वेगळी. कंपनी फिटिंगच्या नळीचं तोंड शक्य तितकं उंच का ठेवतात, हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं. माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तर ते दर पावसाळ्यात कळायला हवं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. नवी गाडी विकण्याआधी तिच्या आवाजाची चाचणी होते, त्यात इंजिनच्या श्वासाचा आवाजही आलाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निकाल दिला. आवाजाच्या मर्यादेसाठी कलम १९०(२) वेगळं आहेच. तेव्हा भाचेबुवा, हौस असेल तर त्याच डब्यात बसणारा सुती फिल्टर घ्या आणि वेळेवर धुवा. तेल मात्र बेताने लावा, नाहीतर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो. आवाज किंचित खुलेल, पण डबा जागेवर राहील. तुमच्या वाडीत रात्री दोन वाजता दार वाजतं ते तुमच्या गाडीसाठी, हे विसरू नका. १०८ आली म्हणून ते थांबलेलं नाही.

हे सगळं लिहिलं तरी आवाजाची ओढ मला कळते. आमच्या भागात आवाजाला ओळख होती. घुंगुरमाळेवरून बैलगाडी कुणाची ते कळायचं. म्हशाच्या जत्रेतून नवा बैल आला की माळही नवी यायची. माझी आजी अंथरुणावरूनच सांगायची, "मुक्कामाची गाडी आली" किंवा "ही एसटी नव्हे, जीप आहे." तिचा अंदाज सहसा चुकत नसे. घाटाखालच्या अंधारात तो आवाज वळणावर ऐकू आला की घरात चहाचं आधण चढायचं.

आता काळच उलटा आलाय. काही परदेशी कंपन्या हवेच्या नळीतला आवाज मुद्दाम वेगळ्या नळीने केबिनमध्ये आणतात, काही तर स्पीकरवर वाजवतात. आणि आपली एसटी? पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची 'शिवाई' धावली, जवळजवळ आवाज न करता. तिला एअर फिल्टरचा डबाही नको आणि कोनही नको, कारण ती श्वासच घेत नाही.

पुढेमागे मुरबाडकडच्या मुक्कामाच्या गाड्याही विजेच्या होतील. व्हायलाच हव्यात. धूर जाईल, गोंगाट जाईल. फक्त वळणावरून गाडी आल्याचं घरात कळणार नाही. आवाज गाडीचा असतो असं आपण म्हणतो, पण आमच्याकडे तो चालवणाऱ्यापेक्षा वाट बघणाऱ्याचा जास्त होता.