छातीतला पहारेकरी : हृदयाच्या ठोक्यांवर पाळत ठेवण्याचा इतिहास

१/
महाबळेश्वरच्या मुसळधार पावसात बारमाही वस्ती करणे इंग्रजांना अशक्य होते. म्हणून १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी जवळच, सुमारे ४,२०० फूट उंचीवर, पाचगणीची वसाहत उभी केली. हवा कोरडी आणि पाऊस तुलनेने कमी. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बमनजी बिलिमोरिया यांनी ह्याच हवेच्या भरवशावर येथे ‘बेल-एअर’ हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम सुरू केले.

२/
क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून तीस वर्षे होती. विश्रांती, सकस आहार, मोकळी हवा आणि देखरेख एवढीच त्या काळच्या आरोग्यधामांची उपचारपद्धती. जगभर रीत एकच होती : दिवसातून ठरावीक वेळी रुग्णाचा ताप आणि नाडी पाहायची, तक्त्यावर ठिपका मांडायचा, ठिपके रेघेने जोडायचे. महिन्याभराची रेघ पाहून रोग चढतो आहे की उतरतो आहे हे वैद्य सांगत.

३/
क्षय हा सावकाश चालणारा रोग असल्याने ही रीत त्याला शोभत होती. सकाळचा ठिपका आणि संध्याकाळचा ठिपका यांच्या मधल्या वेळात फारसे काही बिनसत नसे. हृदयाच्या तालाचे दुखणे मात्र नेमके त्या मधल्या वेळातच घडते. माणूस बाजारात भोवळ येऊन पडतो, अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येतो, आणि वैद्यापुढे बसतो तेव्हा नाडी घड्याळासारखी चालू असते. गुन्हा घडून गेलेला, पण पुरावा शून्य. पुढच्या शंभर वर्षांतली यंत्रे ह्या एकाच अडचणीतून जन्मली.

४/
पहिले यंत्र माणसाजवळ जाण्याइतके लहान नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. वजन सुमारे २७० किलो आणि चालवायला पाच माणसे. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसायचे, तेव्हा कुठे हृदयाची विद्युतरेषा उमटे.

५/
हे धूड रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. आइन्थोव्हेन यांनी मग रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर अंतरावर, टेलिफोनच्या तारेतून हृदयाचा संदेश आणला. साल १९०५. दूरवरून हृदय तपासण्याची कल्पना आजच्या मोबाइलयुगाची समजली जाते. तिचे वय पाचगणीच्या ‘बेल-एअर’पेक्षा जास्त आहे. १९२४ साली आइन्थोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

६/
तरीही रुग्ण खुर्चीलाच बांधलेला होता. त्याला मोकळे केले ते अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर घेण्याजोगे यंत्र बनवले. ‘घेण्याजोगे’ हा शब्द जरा उदारपणे वापरावा लागतो, कारण त्याचे वजन ३८ किलो होते! ट्रान्झिस्टर आल्यावर हे ओझे झपाट्याने उतरले आणि १९६१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात होल्टर यांचा प्रसिद्ध लेख आला. आज तालुक्याच्या गावीही डॉक्टर ‘होल्टर लावू’ म्हणतात. ते नाव ह्याच गृहस्थांचे.

७/
होल्टरची पाळत एक-दोन दिवसांची. वर्षातून दोनदाच भोवळ येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती जवळजवळ निरुपयोगी. कातडीवर चिकटवलेल्या तारा महिनोन्महिने वागवणेही कोणाला शक्य नव्हते. तेव्हा उरला एकच मार्ग : यंत्र कातडीखाली ठेवणे.

८/
कॅनडातही लंडन नावाचे शहर आहे. तेथील जॉर्ज क्लाइन आणि अँड्र्यू क्रान या हृदयतज्ज्ञांनी १९९०च्या दशकात हा मार्ग चोखाळला. त्यातून आलेला ‘लूप रेकॉर्डर’ छातीच्या डाव्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली बसे. हृदयात तार सोडावी लागत नसे. त्याची स्मृती गोल कड्यासारखी : नवे ठोके नोंदवत जायचे, जुने पुसत जायचे. भोवळीतून सावध झालेल्या रुग्णाने हातातल्या छोट्या साधनाची कळ दाबली की मागची काही मिनिटे गोठून राहत. पुढच्या यंत्रांनी कळ दाबण्याची वाटही पाहिली नाही. विपरीत ताल दिसताच ती आपोआप नोंद ठेवू लागली.

९/
१९९८च्या सुमारास बाजारात आलेले यंत्र साधारण वर्षभर चाले. २०१४ साली आलेले यंत्र ‘एएए’ आकाराच्या लहान सेलच्या एक-तृतीयांश आकाराचे होते आणि तीन वर्षे टिके. त्याच वर्षी ज्यांच्या पक्षाघाताचे कारण सापडत नव्हते अशा रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात रोपित यंत्राने १२.४ टक्के रुग्णांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा अनियमित ताल पकडला. नेहमीच्या तपासण्यांनी फक्त २ टक्क्यांत. ह्या तालात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी बनू शकते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते.

१०/
अर्थात अधिक दिसणे आणि अधिक वाचवणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. डेन्मार्कमध्ये सहा हजार ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. यंत्र बसवलेल्यांत हा ताल जवळजवळ तिप्पट प्रमाणात सापडला, परंतु पक्षाघातात ठामपणे सांगता येईल अशी घट झाली नाही. सरसकट सगळ्यांच्या छातीत पहारेकरी बसवण्याच्या उत्साहाला ह्या निकालाने योग्य तो लगाम घातला.

११/
ह्याच काळाच्या पोटात दुसरी एक कथा आहे : नुसते पाहणारे नव्हे, तर पाहून धावून जाणारे यंत्र. मिशेल मिरोव्स्की पोलंडमधले ज्यू. नाझी संहारात त्यांचे कुटुंब गेले. १९६६ साली त्यांचे गुरुतुल्य मित्र हॅरी हेलर तालबिघाडाच्या झटक्यांनी वारले. झटका आला त्या क्षणी विजेचा धक्का मिळाला असता तर ते वाचले असते, पण माणसाला आयुष्यभर रुग्णालयात बसवून कसे ठेवणार? म्हणून धक्का देणारे यंत्रच शरीरात ठेवायचे, असे मिरोव्स्कींच्या मनाने घेतले. मान्यवर हृदयतज्ज्ञांनी कल्पनेवर कडाडून टीका केली. फेब्रुवारी १९८०मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या शरीरात ते बसले. आज त्याला ‘आयसीडी’ म्हणतात.

१२/
आयसीडी प्रत्येक ठोका पाहते, घातक ताल ओळखते, धक्का देते आणि झाल्या प्रकाराची नोंद ठेवते. किंमत मात्र लाखांच्या घरात. वाई-पाचगणीच्या शेतमजुराला ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारालाही नव्हता.

१३/
इकडे अमेरिकेत चालू स्थितीतली यंत्रे कचऱ्यात जात होती. रुग्ण दगावला, किंवा यंत्र बदलले, की कायद्याने जुने यंत्र तेथे दुसऱ्याला बसवता येत नाही. वेष्टनावरच ‘एकदाच वापरण्यासाठी’ असे छापलेले असते. शिवाय दहनापूर्वी ते काढावेच लागते, कारण चितेच्या उष्णतेत त्यातली बॅटरी फुटते. (हे कारण आपल्याकडच्या स्मशानांनाही लागू आहे, आणि ते पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.)

१४/
अमेरिकेतील भारतीय वंशाच्या काही हृदयतज्ज्ञांनी अशी यंत्रे गोळा केली. अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी पेसमेकर दिले. बॅटरी किमान तीन वर्षे टिकेल अशीच निवडायची, स्वच्छ करायची, मुंबईला पाठवायची. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांचे सहकारी ती पुन्हा निर्जंतुक करून गरीब रुग्णांना बसवत. ५३ जणांना असे पेसमेकर मिळाले.

१५/
खरा वाद आयसीडीचा होता. मृताच्या छातीतले यंत्र जिवंत माणसाला? जंतुसंसर्ग झाला तर? श्रीमंत देशाने टाकलेली वस्तू गरीब देशाने वापरायची, ह्यात अवमान नाही का? शेवटचा प्रश्न सोपा नाही. पण ज्याच्यापुढे दुसरा पर्याय ‘काहीच नाही’ हा असतो, त्याच्या वतीने तो प्रश्न बहुधा इतरच विचारतात.

१६/
उत्तर यंत्रांच्याच स्मृतीतून आले. २०१२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये डॉ. बेहजाद पावरी, लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा हिशेब मांडला. बॅटरी संपल्यावर काहींना पुन्हा असेच यंत्र बसवल्याने एकूण यंत्रे १०६ झाली. जंतुसंसर्ग एकालाही नाही. आणि ४४ रुग्णांच्या यंत्रांत नोंद सापडली की घातक ताल सुरू झाला होता आणि यंत्राने वेळेवर योग्य उपचार केला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक.

१७/
२०२० साली कॅनडाहून मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात पाठवलेल्या अशाच यंत्रांचा एक हजाराहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत संसर्ग किंवा त्यामुळे मृत्यू २ टक्के. कॅनडातल्या नव्या यंत्रांत १.२ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय ठरला नाही. यंत्रांच्या वेष्टनावर ‘एकदाच वापरण्यासाठी’ ही ओळ त्यानंतरही छापली जात राहिली.