जागा पुरेना म्हणून

एखाद्या गोष्टीचा उगम कळला म्हणजे तिचं प्रयोजन कळलं असं नव्हे, हे नीत्शेनं १८८७ साली नीतीच्या वंशावळीवरच्या ग्रंथात मांडलं. तो शिक्षेबद्दल बोलत होता. मी आज उदाहरण देणार आहे ते संगणकाचं. हसू नका, निवृत्तीनंतर लिनक्स शिकायला बसलो तेव्हा हा प्रश्न पडला.

लिनक्समध्ये प्रोग्राम ठेवायच्या दोन जागा: एक मुळाशी असलेली 'बिन' डिरेक्टरी, दुसरी 'यूएसआर'च्या पोटातली 'बिन'. दोन कशाला? शिकवणारा मुलगा म्हणाला, "सर, संगणक सुरू व्हायला लागतं तेवढं पहिलीत, बाकीचं दुसरीत. म्हणून यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर हलवता येतं." उत्तर इतकं नेटकं की मला शंकाच आली.

बेल लॅब्ज, न्यू जर्सी. १९७० साली केन थॉम्प्सन, डेनिस रिची यांच्या गटानं पीडीपी-११ हे यंत्र मिळवलं, तेही पेटंट विभागाचा मजकूर तयार करायची सोय करतो असं सांगून. (पैसे मंजूर करून घ्यायची रीत तिकडेही तीच!) मूळ डिस्क अर्ध्या मेगाबाइटची, मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. दुसरी सुमारे अडीच मेगाबाइटची. तिच्यावर वापरणाऱ्यांच्या, म्हणजे 'यूजर्स'च्या फायली, म्हणून ती यूएसआर. युनिक्स वाढत गेलं, पहिल्या डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा काही प्रोग्राम दुसरीवर नेले. पथ्य एकच: दुसरी डिस्क जोडून देणारा 'माउंट' पहिलीवरच हवा. किल्ली कपाटात ठेवून कपाट कसं उघडणार? त्या नेटक्या उत्तराचं मूळ एवढंच.

पण म्हणून ते उत्तर खोटं का? इथं घाई करू नका. १९८०च्या दशकात स्वतःची डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स नेटवर्कवरून एकच सामायिक यूएसआर वाचू लागली. अडचणीतून झालेल्या वाटणीला खरंखुरं काम मिळालं. कारण नंतर जन्मलं, पण अस्सल होतं. उगम सापडला की वस्तू निकालात काढायची, ही आमच्या अभ्यासकांची जुनी खोड. मीही ती पुष्कळ केली आहे.

पुढे तेही काम सरलं. आता लिनक्स सुरू होताना मेमरीतच एक छोटी फाइलसिस्टिम उघडते आणि तीच यूएसआर जोडून देते. २०१२ साली फेडोरा १७नं दोन्ही 'बिन' एक केल्या. डेबियनमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाले. तिथं हे २०२३च्या १२व्या आवृत्तीत पक्कं झालं.

आणि गंमत बघा, एकत्र केल्या त्या यूएसआरमध्ये. माझ्या संगणकावर मुळाशी 'बिन' अजून दिसते, पण आत काही नाही. नुसता एक दुवा आहे, जुन्या घराच्या दारावर नव्या घराचा पत्ता लावावा तसा.