खारं पाणी, गोडं पाणी

पेणच्या खारेपाटात शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो. तो राखणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं कधीच नव्हतं. आजोबा सांगायचे, उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की जोळ पद्धतीनं घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन बांधावर हजर. ज्याचं शेत खांडीपासून लांब, तोही. कारण खारं पाणी आत शिरलं की हद्दी बघत नाही, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत भात पिकत नाही. काळा राता, भुरा राता हे भात मीठ सोसतात, पण तेही बेतानंच.

1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात इथल्या शिलोत्री वहिवाटीची नोंद आहे. खाडीकडचा मोठा बांध शिलोत्रदारानं सांभाळायचा, त्यापोटी कुळांकडून जादा धान्य घ्यायचं. आतले बांध कुळांनी बघायचे. ही व्यवस्था, किंवा तिच्या जोडीची खोती, न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. खोतीचा जाच असह्य झाला म्हणूनच 1933 साली शेजारच्या अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांचा चरीचा संप झाला. पण कुठला बांध कुणाच्या गळ्यात, हे शिलोत्री गावांत पोरासोरांनाही ठाऊक असे. पुढे 1948 च्या खार जमीन कायद्यानं बांधांच्या कामात सरकार उतरलं. उघाड्यांच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारांच्या, झडपा कुजल्या की अर्ज लिहायचे दिवस आले.

रोह्याची गोष्ट पाण्याच्या दुसऱ्या टोकाची, गोड्या पाण्याची. मुळशीचं धरण झालं आणि 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं घाटमाथ्याचं पाणी रोह्याच्या कुंडलिका नदीत येऊ लागलं. नदी उन्हाळ्यातही वाहती झाली. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, दुबार भात आलं, आणि याच बारमाही पाण्यावर धाटावला रासायनिक कारखाने उभे राहिले. सांडपाण्याचा भार खालच्या खाडीवर पडला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे आहेत. कुंडलिका त्यात आहे.

बांधासारखंच हे पाणी कुणाच्या गळ्यात, हे ठरवायला भिऱ्याला पाणी सोडणारा, धाटावचा कारखानदार, कालव्यावरचा शेतकरी आणि खाडीत जिताड्यासाठी जाळं टाकणारा कोळी यांना एका बैठकीला बसवायलाच हवं. त्यातही कोळ्याला आधी बोलू द्यावं. वरच्या प्रत्येकानं सोडलेलं पाणी शेवटी त्याच्याच जाळ्यातून जातं.